तोरणापुढची घोडी

आधीच सांगून टाकते: चूक माझी होती, घोडीची नव्हती. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता पाठ झालंय, आणि तरी ज्याला-त्याला वाटतं मी जनावराची बाजू घेते. हो, घेते. तिला बोलता येत नाही, मला येतं. मग मी कशाला गप्प बसू?

माझे बाबा रेल्वेत गार्ड होते. मूळचे नागपूरकडचे, बदली होऊन जयपूरला आले, दुर्गापुऱ्याच्या स्टेशनाजवळ भाड्याची खोली घेतली आणि इथलेच झाले. मी शाळेत हिंदी शिकले, घरी आईची वऱ्हाडी ऐकली, त्यामुळे माझी मराठी मतलब अशीच आहे, अर्धी आईची आणि अर्धी रस्त्यावरची. ज्याला चालत नसेल त्याने पान उलटावं. कॉलेजात घोडेस्वारीचं पथक होतं. मुलीने नाव दिलं की सर हसायचे. मी दिलं. आई म्हणाली, "पोट्टी घोड्यावर बसून रायली, आता लोकायले काय सांगू मी?" बाबा म्हणाले, "सांग, बसून रायली म्हणून." बाबांच्या आजाला गावात पाटलाच्या दारावरून जाताना जोडे हातात घ्यावे लागायचे. त्याची पणती घोड्यावर बसते याचं बाबांना काय वाटायचं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण माझे बूट ते स्वतः पॉलिश करायचे.

मी टेंट पेगिंग खेळायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत एक लाकडी खुंटी ठोकलेली असते, तळहाताएवढी रुंद. घोडा भरधाव सोडायचा, हातातला भाला खाली आणायचा आणि खुंटी टोकावर उचलून पुढे निघून जायचं. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्या काही सेकंदांसाठी मी माझी सगळी तरुणाई घातली आणि मला त्याचा एका पैशाचा पस्तावा नाही. शेवटची पाच वर्षं स्पर्धांत माझ्याखाली एकच घोडी होती. मारवाडी जातीची, गडद तांबूस, दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. नाव सांगत नाही. इथे माणसांची नावं लिहिली नाहीत तर तिचं कशाला? तिला मी एक खूण शिकवली होती. माझा उजवा हात वर गेला की सुटायचं. टाच मारणं नाही, चुचकारणं नाही. हात वर गेला की घोडी गेली. त्या खुणेवर आम्ही दोघींनी बक्षिसं मिळवली. ही खूण लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

मग एकदा एक नवी घोडी शिकवताना पडले, खांदा मोडला, आत धातूची पट्टी बसवली, आणि डॉक्टर म्हणाले भाला विसरा. घोडी ज्यांच्या मालकीची होती ते तिला विकायला निघाले. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं घालून मी ती घेतली. बाबा तोवर गेले होते. घरात आई, दारात घोडी आणि पुढे काय ते माहीत नाही!

जयपुरात घोडीवर पोट भरायचं तर एकच धंदा: लग्नाची घोडी. नवरदेव घोडीवरच बसतो, घोड्यावर नाही, आणि ती पांढरी लागते. मी कर्ज काढून दोन पांढऱ्या घोड्या आणल्या, प्रताप नगरच्या कडेला एका मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं शेड उभारलं, त्याच गल्लीत आईला घेऊन राहायला आले आणि ठेकेदार झाले. या धंद्यात बाई म्हणून मी एकटी. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे ठेकेदार, ज्यांना सगळे काकोसा म्हणतात, त्यांनी मला धंद्यात घेतलं. घोडीची कामं इथे बँडवाल्यांकडून येतात, आणि बँडवाले काकोसांच्या शब्दाबाहेर नाहीत. ते मला बाईसा म्हणायचे. त्यांनीच मला जनावराला ढोलाची आणि फटाक्यांची सवय कशी लावायची ते शिकवलं. माणूस वाईट नव्हता. पण कामाला जाताना एक गोष्ट दर वेळी बजावायचे: "बाईसा, लगाम माझ्या माणसाच्या हातात द्या. तुम्ही मागे चाला." मी मान डोलवायचे आणि लगाम स्वतःच धरायचे. आपल्या जनावराची दोरी दुसऱ्याच्या हातात देऊन मागून चालायला मी काय पाहुणी आहे?

तांबूस घोडीला मी राजस्थानी लग्नांना नेत नसे. रंग पांढरा नाही म्हणून कुणी मागतही नसे. बँकेतल्या, विम्यातल्या मराठी साहेबांच्या मुलांच्या वरातींना मात्र ती चालायची. आपल्या लोकांना घोडीचं कौतुक, रंगाचं एवढं नाही. तिथे ती शहाण्यासारखी वागायची. मला वाटलं, झाली तयार. इथेच मी माती खाल्ली. आपल्या वरातीत नवरदेव घोडीवरून उतरतो आणि मांडवात जातो, बस्स. इथला नवरदेव नवरीच्या दाराशी येतो तेव्हा दारावर लाकडी तोरण टांगलेलं असतं, त्यावर लाकडी चिमण्या. घोडीवर बसल्या-बसल्या तलवार उचलून त्याने त्या तोरणाला सात वेळा टेकवायची, मग उतरायचं. तलवार उजव्या हाताने उचलतात. आलं लक्षात?

माझ्या आलं नाही. मोठ्या मुहूर्ताचा दिवस होता, शहरात घोडी मिळेना. माझी एक पांढरी आधीच्या वरातीत गेलेली, दुसरी अचानक लंगडायला लागली. दुर्गापुऱ्यातलं लग्न होतं. नवरदेवाचे वडील म्हणाले, कोणतीही चालेल पण आणा. मी तांबूस घोडीवर झूल घातली, कपाळावर गोंडे बांधले आणि निघाले. दिवेलागणीला नवरीच्या दाराशी पोचलो. ढोल, ताशा, आतषबाजी, सगळं वाजत होतं, घोडी शांत. नवरदेवाच्या भावाने त्याला तलवार दिली. त्याने हात वर केला.

लगाम माझ्या तळहाताची सालटं घेऊन गेला. घोडी तोरणाखालून, दारातून, मंडपाच्या लांबच लांब गालिच्यावरून अशी सुटली की मला एक क्षण, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला! मान ताठ, चाल सरळ, एकही पाऊल वाकडं नाही. नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळत होता, साफा कुठे, तलवार कुठे. गालिचा संपला तिथे, बरोबर जेवढं अंतर तिला मैदानात शिकवलं होतं तेवढं धावून, ती कचोऱ्यांच्या कढईपुढे थांबली आणि मी पोचेपर्यंत तशीच उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गुलाबजामांचं एक पातेलं आडवं झालं, तेवढंच. नवरदेव खाली उतरला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "लग्न होणार ना?" पोरगा चांगला होता. पण त्याचे मामा आले आणि त्यांनी घोडीच्या तोंडावर हात उगारला. तो हात मी हवेतच पकडला. "मला मारा," मी म्हटलं, "शिकवलं मी आहे." चारशे माणसांसमोर एका घोडीवालीने मामाचा हात पकडला, हे घोडी उधळण्यापेक्षा मोठं झालं.

लग्न लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या शहराच्या मोबाईलवर माझी घोडी धावत होती. लोक हसत होते ते ठीक. घोडीवाल्यांच्या नाक्यावर मात्र कुणी हसत नव्हतं. तोरणाखालून घोडी उधळली म्हणजे अपशकुन, आणि अपशकुन का झाला, तर लगाम बाईच्या हातात होता. काकोसा स्वतः शेडवर आले, चहा घेतला, आणि खाली बघत म्हणाले, "बाईसा, ही घोडी काढून टाका. पुष्करच्या मेळ्यात विका, वीटभट्टीवाला घेईल. देवउठनीनंतर सीझन सुरू होईल तेव्हा ती तुमच्याकडे असली तर कुठलाही बँड तुमच्या घोड्या नेणार नाही. पांढऱ्यासुद्धा नाही."

वीटभट्टी! जिने मला एकदाही पाडलं नाही, मी पडले ती दुसऱ्या घोडीवरून, तिने विटा ओढायच्या? आणि का, तर जे शिकवलं ते विसरली नाही म्हणून? मी म्हटलं, "काकोसा, चार महिने आहेत. देवउठनीच्या आधी या आणि स्वतः बघा. तोरणापुढे हलली तर मी स्वतः तिला मेळ्यात नेईन. नाही हलली तर कुणी तिच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही." ते हो म्हणाले.

आषाढात देव झोपतात ते कार्तिकी एकादशीला, म्हणजे देवउठनीला उठतात, आणि तोवर आमचा धंदाही झोपतो. त्या चार महिन्यांत मी शेडच्या दारावर तोरण टांगलं. बाजारातून आणलेलं, चिमण्यांसकट. मी वर बसले, हात उचलला, घोडी सुटू लागली की मांड्यांनी आवरलं, पुन्हा उचलला, पुन्हा आवरलं, उभी राहिली की गूळ. आठ दिवसांत माझ्याखाली ती दगडासारखी उभी राहायला लागली. त्याचा उपयोग शून्य. कारण नवरदेव म्हणजे मी नाही. नवरदेव जन्मात पहिल्यांदा घोडीवर बसतो, पोत्यासारखा, भीतीने पाय आवळून. मला असा बसणारा माणूस हवा होता ज्याला काहीच येत नाही. सीतापुऱ्याच्या कारखान्यांतले ओळखीचे दोघे-तिघे विचारले. सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला होता. एकजण आला, हात अर्धा वर केला आणि लिदीच्या ढिगात जाऊन बसला. पुन्हा फिरकला नाही.

आई दारात तांदूळ निवडत होती. एकाहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले. म्हणाली, "मी बसतो."

"आई, वेड लागलं का तुला?"

"तुले पोतं पायजे नं? मंग माह्यापेक्षा चांगलं पोतं कुठं भेटन तुले?"

मी नाही म्हटलं, दोन दिवस भांडले, शेवटी हरले. तिच्याशी भांडून जिंकलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून तिला चढवलं. घोडीला आधी दोन्ही बाजूंनी बांधलं, मी तोंडाशी उभी. आई तलवार धरेना, म्हणाली हाताला जड जाते. घरातून लाटणं आणलं. लाटणं वर गेलं, घोडीचं अंग ताठ झालं, आणि आई तिच्या मानेवर थाप मारत म्हणाली, "थांब माय, जराशी दम धर. कुठं जायचं हाय तुले? म्याही कुठं गेली नाई."

रोज सकाळी हेच. गुळाचा खडा, लाटणं, थाप. मग एका बाजूची दोरी सोडली, मग दुसरी. मग मोबाईलवर बँड लावला, मग एक ढोलवाला बोलावला. गल्लीच्या टोकाला साड्यांना फॉल-पिको करणारी एक बाई होती, माझ्या घोड्यांच्या झुली तीच शिवायची. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली, एकच मुलगा, सीतापुऱ्यात कपड्याच्या कारखान्यात. ती मशीन थांबवून खिडकीतून आईकडे बघत बसायची. एकदा तिने मला विचारलं, "तुमच्या आईला कुणी काही बोलत नाही? विधवा बाई लग्नाच्या घोडीवर बसते म्हणून?" मी म्हटलं, बोलून तर बघू दे.

देवउठनीच्या आधीच्या रविवारी सकाळी काकोसा आले. सोबत दोन बँडवाले आणि नाक्यावरचे सगळे. मी गल्लीतच तोरण टांगलं होतं. त्यांनी पूर्ण बँड आणला होता, कसर सोडायची नाही म्हणून. आई बाहेर आली ती पांढरी शुभ्र साडी नेसून. आम्ही बौद्ध, आमच्यात पांढरी साडी सणाची. लग्नात नवरी पांढरी नेसते, जयंतीला बाया पांढऱ्या नेसतात. गल्लीला मात्र त्यात फक्त विधवा दिसली. कुजबुज सुरू झाली. "हिला बसवणार?" काकोसांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही बसता का?" ते बसले नाहीत.

बँड वाजला. आईला चढवलं. या वेळी मी तिला खरी तलवार दिली, आणि लगाम सोडून चार पावलं मागे झाले. मी घाबरले होते. घोडीसाठी नाही, आईसाठी. काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हे तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी तिला चढवलं होतं. आईने तलवार उचलली. एक. घोडीचे कान मागे गेले. दोन. ढोलवाल्याने मुद्दाम जोरात टिपरू मारलं. तीन, चार. माझ्या खांद्यातली पट्टी दुखायला लागली. पाच, सहा, सात. लाकडी चिमणी हलली, घोडी नाही हलली.

मी जाऊन तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडले. सगळ्यांसमोर. लाज कसली?

काकोसा पुढे आले. "घोडी चांगली शिकवली," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "पण बाईसा, आता ही आणखी वाईट झाली. जिच्यावर विधवा बसली ती घोडी नवरदेवाला कोण नेणार?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण आई अजून वरच होती, हातात तलवार.

"भाऊ," ती मराठीतच म्हणाली, आणि ते सगळ्यांना समजलं, "पयले पोरीचा हात वाईट होता. मंग घोडी वाईट झाली. आता मी वाईट. तुमच्याकडं चांगलं काय हाय ते तरी सांगून द्या, म्हंजे आमी ते शिकतो."

मागून आवाज आला, "ही घोडी माझ्याकडे येईल." फॉल-पिकोवाली होती. पदराला अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. "माझ्या मुलाचं लग्न आहे पंधरा दिवसांनी. मला हीच हवी. पांढरी नको." काकोसा तिच्याकडे बघत राहिले, मग आईकडे, मग मला म्हणाले, "बँड माझा येईल." आणि आईला उतरवायला त्यांनीच हात दिला.

तिला हीच का हवी होती ते मला लग्नाच्या दिवशी कळलं. नवरदेव घरून निघतो त्याला निकासी म्हणतात. तेव्हा घरातल्या बायका घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घालतात. आईचा मान पहिला. पण ती सवाष्ण असेल तरच. मुलगा वर बसला, आणि फॉल-पिकोवालीच्या जाऊबाईंनी तिच्या हातातलं डाळीचं ताट अलगद काढून घेतलं. "तू राहू दे. शुभ कामाला मी आहे ना." ज्या बाईने मशीनवर डोळे घालवून हा मुलगा वाढवला ती दाराच्या आत सरकायला लागली. मग थांबली, परत आली आणि ताटाची कड धरली.

"ही घोडी विधवेच्या हातचंच खाते," ती म्हणाली. "हिला तशीच सवय आहे. विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. जन्मात इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. "हो," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी दिलं तर चावते."

जाऊबाईंनी ताट सोडलं. फॉल-पिकोवालीने ओंजळ पुढे केली, घोडीने मान खाली घातली आणि खायला लागली. डाळ संपल्यावरही तिने ओंजळ काढली नाही. निघताना ताटात उरलेली मूठभर डाळ तिने रुमालात बांधून माझ्या खिशात घातली. इथे नवरदेवाची आई वरातीबरोबर जात नाही. ती दारातच उभी राहिली.

नवरीचं घर सांगानेरकडे होतं. लगाम माझ्याच हातात होता आणि मागे चला असं या वेळी कुणी म्हणालं नाही. काकोसा बँडच्या पुढे होते. दारावर तोरण होतं, खूप चिमण्यांचं, दिव्यांच्या माळांत गुंडाळलेलं. मुलाने पाय आवळले, अगदी पोत्यासारखे. त्याचा उजवा हात वर गेला. माझा तळहात घोडीच्या खांद्यावर होता. कातडीखाली तिचा स्नायू ताठ झाला आणि थरथरायला लागला. तिला धावायचं होतं. ती काहीच विसरली नव्हती. "थांब माय," मी आईच्या आवाजात म्हटलं. तलवार सात वेळा लाकडाला लागली. ती उभी राहिली.

मुलगा उतरून आत गेला. घोडीने मान वळवून नेहमीसारखं माझ्या खिशात तोंड घातलं. गूळ आणायचा मी विसरले होते. मी रुमाल सोडला आणि फॉल-पिकोवालीने दिलेली डाळ तिच्यापुढे धरली.